राजा बघायचा शेवटच्या रांगेतून

"जवळून बघायचं नाही हं! आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं. धापा थांबू द्यायच्या. आणि मग मान वर करून बघायचं. कळलं?"

नाट्यगृहाच्या मागच्या दाराचं कुलूप उघडताना सुईच्या कानात मावशीचा आवाज असा घुमत होता, जणू मावशी पाठीशीच उभी आहे. खरं तर मावशी मागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत, खिडकीजवळच्या पलंगावर, पाय उशीवर ठेवून पडली होती. शिडीवरून घसरली आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर! पाऊल जमिनीला टेकवायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

"तू पाहिलायस ना गं शेवटच्या रांगेतून?" सुईने सकाळी विचारलं होतं.

मावशी हसली. "मी? मी कायम विंगेत उभी, पडद्याआडच्या अंधारात. हातात सुईदोरा, ओठांत टाचण्या. राजा रंगमंचावर गेला की मला दिसायची ती त्याची पाठ! माझ्या आधीच्या बाईंनी तो झगा शिवला. त्या म्हणायच्या, ह्याला खरं बघायचं तर शेवटच्या रांगेतून. मी आयुष्यभर म्हणत राहिले, पुढच्या खेपेला जाईन. तेवढ्यात नाटकच बंद झालं." मग तिने सुईचा हात धरला. "आज संध्याकाळी प्रदर्शन आहे. तू बघ. आणि जे दिसेल ते मला येऊन सांग. नक्की?"

"नक्की!" सुई म्हणाली होती.

सुई बारा वर्षांची, उंच आणि इतकी किडकिडीत की कुठल्याही फटीतून आरपार जाईल; म्हणून सुई. तिच्यामागे उड्या मारत येत होता तो तिचा मावसभाऊ. तो कुजबुजला तरी तीन घरं पलीकडे ऐकू जायचं, म्हणून त्याचं नाव भोंगा. आणि भोंग्याच्या शर्टाचं टोक धरून चाललेली त्याची गोलमटोल बहीण म्हणजे बटण. दरवर्षी सुट्टी लागली की तिघांचा मुक्काम मावशीकडे, आणि मावशीचा मुक्काम नाट्यगृहात. तिथला कपडेपट, म्हणजे नटांचे सगळे पोशाख, तीच सांभाळायची.

"आधी राजा बघूया!" भोंगा ओरडला.

"आधी कपडेपटाच्या खिडक्या उघडायच्यात. हवा द्यायला सांगितलंय मावशीने," सुई म्हणाली.

"ते नंतर! राजा पुढच्या दालनात आणून ठेवलाय म्हणे. काचेच्या पेटीत!"

"पण जवळून बघायचं नाही ना?" बटणने आठवण करून दिली.

"मग डोळे मिटून चल!" भोंगा म्हणाला, आणि खरोखरच डोळे मिटून चालायला गेला. खांबावर आपटला. "आई गं!"

पुढच्या दालनात धांदल उडाली होती. कुणी खुर्च्या मांडत होतं, कुणी भिंतीवर जुनी छायाचित्रं टांगत होतं. मधोमध उभे राहून सगळ्यांना हुकूम सोडत होते ते प्रदर्शनाचे सजावटवाले. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि कानावर पेन्सिल. शेजारी व्यवस्थापकसाहेब घाम पुसत होते. साहेब नवे होते. राजाचं नाटक बंद झाल्यावर मग ते इथे आले.

आणि समोर, काचेच्या पेटीत, राजाचा झगा! लालभडक, चमचमता, गळ्यापासून पायापर्यंत सोनेरी नक्षी. सुईने चटकन नजर खाली वळवली. पण बटणला राहवलं नाही.

"ताई, राजाला थंडी वाजतेय," ती हळूच म्हणाली.

"काहीतरीच!"

"खरंच! बघ ना, थरथरतोय."

सुईने बोटांच्या फटीतून पाहिलं. पेटीचं मागचं दार उघडं होतं. छतावरचा पंखा फिरत होता. आणि राजाचा झगा वाऱ्यावर भुरभुरत होता, वाळत घातलेल्या ओढणीसारखा!

सुईच्या कपाळावर आठी उमटली. "भोंग्या, मावशी त्या झग्याबद्दल काय सांगते रे नेहमी?"

"की तो दोघांनी मिळून उचलावा लागतो. आणि अंगावर चढवला की माणसाला वाकताच येत नाही..." बोलता बोलता भोंगा थांबला. त्याने पेटीकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "अरेच्चा! हा तर मी एका बोटाने उचलीन!"

हे तो आपल्या परीने हळू म्हणाला होता. दालनातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"ए मुलांनो! काचेला हात लावायचा नाही!" सजावटवाले धावत आले.

"काका, हा राजाचा झगा नाहीये," सुई म्हणाली.

"नाहीये? मग काय माझा आहे?" सजावटवाले हसले. "अगं, अख्खा कपडेपट मी स्वतः पालथा घातला. ह्याच्याइतकं झगमगीत तिथे दुसरं काही नव्हतं. राजा म्हणजे झगमगणारच ना!"

"पण मावशी म्हणते तो जड आहे."

"मावशींना आराम करू दे," व्यवस्थापकसाहेब म्हणाले. "आणि तुम्हीही जा बघू, खेळा कुठेतरी. संध्याकाळी स्वतः महाराज येणार आहेत. माझ्या डोक्याला आधीच ताप कमी नाही!"

महाराज म्हणजे ते नाटक करणारे शेवटचे नट. आता ते खूप थकले होते, पण सगळे त्यांना अजून महाराजच म्हणायचे.

तिघं जिना चढून कपडेपटात गेली. दार उघडताच तिघांचेही आवाज आपोआप खाली आले. भोंग्याचासुद्धा.

ती लांबलचक खोली म्हणजे एक मोठं मौन होतं. दोन्ही बाजूंना पोशाख टांगलेले: शिपायांचे डगले, राण्यांचे पायघोळ घागरे, कागदाच्या लगद्याची चिलखतं, एका भिकाऱ्याची नीट इस्त्री केलेली लक्तरं. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती. कुठल्याशा प्रधानाच्या अंगरख्याच्या बाह्या कोपरात अजून वाकलेल्या होत्या. घालणारा हाताची घडी घालून उभा राहत असणार. माणूस निघून गेला होता, त्याची सवय तेवढी कापडात राहिली होती. देवळात शिरताना चप्पल काढावी तशी तिने नकळत चप्पल काढली. तिचं बघून बटणनेही काढली.

"सगळे जण आपल्याकडे बघतायत," बटण कुजबुजली.

"बघू देत. चांगलेच आहेत ते," सुई म्हणाली.

खोलीच्या टोकाला राजाचा पेटारा होता, लाकडी, माणूस झोपेल एवढा. जड पोशाख मावशी कधीच टांगत नसे. टांगला तर तो आपल्याच वजनाने खांद्यावर फाटतो. "राजाला निजवायचं," ती म्हणायची, "आणि तेही उलटा करून, अस्तर बाहेर, म्हणजे त्याच्या सोन्याला ओरखडा नाही." त्यामुळे आजवर मुलांनी पाहिलं होतं ते जुन्या चादरीतलं एक गाठोडं. तेवढंच.

पेटाऱ्याचं झाकण उघडं होतं. आत कापूर-लवंगांचा वास होता, आणि बाकी काही नव्हतं.

"राजा पळाला!" भोंगा म्हणाला.

सुई गुडघ्यांवर बसली. मावशी रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी ह्या पेटाऱ्यावर हात ठेवायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची, मगच दिवा बंद करायची. पलंगावर पडल्या पडल्यासुद्धा तिने काल दोनदा विचारलं होतं, "राजा ठीक आहे ना गं?" आता तिला काय सांगायचं?

"ताई, सोनं!" बटण जमिनीवर ओणवी झाली होती. पेटाऱ्याच्या पायाशी तिला काहीतरी सापडलं होतं. चपटं, पानाच्या आकाराचं, सोनेरी.

भोंग्याने ते दाताखाली धरलं. कट्! "थू! सोनं कसलं? ही भोपळ्याची बी आहे! सोनेरी रंगवलेली!"

"भोपळ्याची बी इथे कशाला येईल?" सुई म्हणाली.

"उंदरांची मेजवानी असेल."

"आणि उंदीर आधी बी रंगवून मग खातात?" बटणने विचारलं.

सुई मात्र दाराकडे बघत होती. "ती बघा, आणखी एक!"

दुसरी बी उंबऱ्याशी होती. तिसरी जिन्याच्या वळणावर. पुढे दालनाकडे एकही नव्हती. पण मागच्या बोळात, भिंतीच्या कडेने, एक, आणखी एक, मग दोन एकदम! कुणीतरी काहीतरी जड ओढत नेलं होतं. तिघं बिया वेचत बोळातून मागच्या अंगणात पोहोचली. तिथे रंगारीकाका शिडीवर उभे राहून एका खोट्या राजवाड्याला खऱ्या भेगा काढत होते.

"काका, इथे एक गाठोडं आलं का?" सुईने विचारलं.

"चिंध्यांचं?" रंगारीकाका ब्रश न थांबवता म्हणाले. "आलं की! सजावटवाल्यांच्या माणसांनी आणून टाकलं. म्हणाले, पेटारा प्रदर्शनात मांडायचाय, आतला कचरा तुम्हाला रंगाखाली अंथरायला घ्या. पण कसलं खरखरीत गं ते! आणि जड किती! अंथरलं तर माझी शिडीच डुगडुगायला लागली."

"मग?"

"मग दिलं ट्रकवाल्याला. रंगपटातला, नट तोंडं रंगवतात तिथला, मोठा आरसा दुरुस्तीला चाललाय ना, त्याला गुंडाळायला. तो बघ, निघालाच!"

फाटकापाशी ट्रकने धूर सोडला. चाकं फिरू लागली.

"थांबा!" सुई ओरडली. "थांबा हो!" पण इंजिनाच्या घरघरीत तिचा आवाज कुठे विरला कोण जाणे. ट्रक फाटकाबाहेर पडला.

"भोंग्या!" सुईने त्याचा खांदा गदागदा हलवला. "ओरड!"

"किती मोठ्याने?"

"आजवर सगळ्यांनी तुला जेवढ्या वेळा गप्प बसवलं ना, तेवढं सगळं ओरड!"

भोंग्याने छाती भरून घेतली. आणि असा काही आवाज निघाला की राजवाड्यावरची कबुतरं उडाली, रंगारीकाकांच्या हातून ब्रश पडला, समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या. कचकन ब्रेक लावून ट्रक उभा राहिला. ट्रकवाला खाली उतरून मागेपुढे बघायला लागला.

"कुठली गाडी आली? हॉर्न कुठून वाजला?"

"गाडी नाही, मी आहे!" भोंगा धापा टाकत पोहोचला. "काका, तुमच्या आरशाला राजा गुंडाळलाय!"

ट्रकवाल्याला काही समजेना. पण सुई तोवर ट्रकवर चढली होती. भला थोरला आरसा ट्रकच्या भिंतीला टेकवून दोरखंडाने आवळला होता. गाठी होत्या मागच्या बाजूला, आरसा आणि भिंत यांच्या अरुंद फटीत.

"तिथे हात जायचा नाही पोरी. आरसा सरकला तर चक्काचूर होईल," ट्रकवाला म्हणाला.

"हात नाही, मीच जाते," सुई म्हणाली आणि आडवी होऊन फटीत शिरली. श्वास आत, पोट आत, नाक भिंतीला! एक गाठ सुटली. दुसरी. बाहेर भोंगा आणि ट्रकवाल्याने आरसा धरून ठेवला होता. बटणने तेवढ्यात रंगारीकाकांकडून भुश्शाची रिकामी पोती आणली, आणि राजाच्या जागी आरशाला पोती गुंडाळली गेली.

"आता ठीक?" ट्रकवाल्याने विचारलं. "आत आणखी कोणी राणी-बिणी नाही ना?" हसत हसत तो निघून गेला.

दोघांनी उचललं, तरी गाठोडं हाताला ओढ देत होतं. रंगमंच रिकामा होता. तिथे नेऊन त्यांनी ते फळ्यांवर ठेवलं, चादर सोडली आणि उलटा झगा हळूहळू सुलटा केला.

तिघंही त्याच्यावर ओणवी झाली.

मग भोंगा म्हणाला, "ह्यासाठी मी घसा फोडला?"

ते गोणपाट होतं. जाड, तपकिरी, डाळी-तांदळाच्या पोत्याचं असतं तसलं गोणपाट. त्यावर सुतळीची वेटोळी सरसाने चिकटवलेली. भोपळ्याच्या बियांची पानं, आणि मधूनमधून डब्यांच्या झाकणांचे कापलेले तुकडे. सोनेरी रंग कुठे जाडाभरडा, कुठे खरवडलेला. आतलं अस्तर तेवढं मऊ होतं, पण ठिगळांवर ठिगळं.

"राजा गरीब होता का गं?" बटणने विचारलं.

सुईच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने आयुष्यभर हे सांभाळलं? हे? सजावटवाल्यांनी चिंध्या म्हणून टाकलं, त्यात त्यांचं तरी काय चुकलं? ती गुडघ्यांत डोकं घालून बसली. आणि तेव्हा तो आवाज पुन्हा कानात घुमला. जवळून बघायचं नाही हं!

ती ताडकन उठली. "आपण जवळून बघतोय!"

"मग?"

"मग हा जवळून बघायचा नाहीच आहे! भोंग्या, घाल तो."

"मी? हे पोतं?"

"घाल!"

ती धावत सुटली. रंगमंचावरून खाली, मधल्या वाटेने वर, थेट शेवटच्या रांगेपर्यंत. रांगेमागे दिव्यांची छोटी खोली होती. तिथे दिवेवाला दादा संध्याकाळसाठी दिवे तपासत बसला होता.

"दादा, राजाच्या झग्यासाठी कुठला दिवा लावायचे?"

"मला काय माहीत? मी लागलो तेव्हा ते नाटक बंद पडलं होतं," दादा म्हणाला. मग त्याने काचेतून खाली पाहिलं. "ते पोरगं पोत्यात कशाला शिरलंय?"

"एकेक लावून बघाल? प्लीज!"

दादाला गंमत वाटली असावी. त्याने पांढरा दिवा लावला. रंगमंचावर पोत्यातला भोंगा उभा होता. निळा लावला. आता तो ओल्या अस्वलासारखा दिसायला लागला. वरून हिरवा लावला, तेव्हा बटण खदखदून हसली.

"ह्या सगळ्यांखेरीज एक जुना आहे," दादा म्हणाला. "खाली, डाव्या विंगेत. पिवळसर काचेचा. कधी वापरत नाही, पण बघू." त्याने बाकीचे दिवे मालवले. अंधार झाला. मग डावीकडून, जमिनीलगत, मावळतीच्या उन्हासारखा एक तिरपा प्रकाश हळूहळू पसरत गेला.

सुई शेवटच्या रांगेत बसली. तिने धापा थांबू दिल्या. आणि मग मान वर केली.

तिथे राजा उभा होता.

गोणपाट नव्हतं. बिया नव्हत्या, सुतळी नव्हती. खांद्यापासून पायापर्यंत सोन्याची वेल चढत गेली होती, आणि तिचं प्रत्येक पान उजेड पिऊन जिवंत झालं होतं. डब्यांच्या झाकणांचे तुकडे लांबवर पेटलेल्या दिव्यांसारखे लुकलुकत होते. जिथे रंग खरवडला होता तिथे सावल्या पडल्या होत्या, आणि त्या सावल्यांमुळेच ते सोनं जुनं, खोल, कितीतरी पिढ्यांनी वापरलेलं वाटत होतं. राजा हलला नाही. त्याला हलायची गरजच नव्हती. एवढं मोठं प्रेक्षागृह त्याच्यापुढे आपोआप लहान झालं होतं.

सुईने हात कधी जोडले ते तिलाही कळलं नाही. मागे दिवेवाला दादा एवढंच म्हणाला, "बाप रे!"

आणि सगळ्यात नवल म्हणजे, भोंगा गप्प होता! झग्याच्या वजनाने त्याची पाठ ताठ झाली होती, मान सरळ. तो काही करत नव्हता, नुसता उभा होता. उभं राहणं एवढं मोठं असतं हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बऱ्याच वेळाने सुईने विंगेतल्या बटणला वर आपल्यापाशी बोलावलं. "साहेबांना आणि सजावटवाल्यांना घेऊन ये. पण ऐक! रंगमंचाजवळच्या दाराने आणायचं नाही. प्रेक्षागृहाच्या मागच्या दाराने आण, ह्या रांगेपाशी. जवळून बघितलं तर ते पुन्हा चिंध्याच म्हणतील."

"आणि ते येत नाही म्हणाले तर?"

"सांग, राजा रंगमंचावर उभा आहे. खोटं नाहीच ते!"

बटण धावली. दोघंही साहेबांच्या खोलीत चहा घेत होते. जरा वेळाने मागच्या दारापलीकडून आवाज आले. "कोणी काढला पेटीतून? मुलांना आत सोडलंच कोणी? मी आता एकेकाचा..." दार धाडकन उघडलं. सजावटवाले आत आले, मागोमाग व्यवस्थापकसाहेब.

वाक्य तिथेच राहिलं.

दोघंही शेवटच्या रांगेपाशी खिळले. सजावटवाल्यांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाही.

"काय सुंदर दिसतोय!" साहेब पुटपुटले. "पेटीत असा का दिसत नव्हता? पण पेटीतून हा इथे आलाच कसा?"

"पेटीतला पेटीतच आहे," बटण म्हणाली. "पंखा बंद करा, त्याला अजून थंडी वाजतेय."

सजावटवाले मधल्या वाटेने पुढे निघाले, स्वप्नात चालल्यासारखे. रांगेमागून रांग मागे पडत गेली. मध्यावर आल्यावर सोन्याची पानं जरा जाड दिसायला लागली. आणखी पुढे वेलीची सुतळी झाली. आणि पहिल्या रांगेशी ते थबकले. समोर गोणपाट घातलेला एक मुलगा होता. ते मागे वळले, पुन्हा वर चढून शेवटच्या रांगेत गेले, आणि पुन्हा पाहिलं. राजा! पुन्हा खाली आले. बिया! लहान मुलासारख्या त्यांनी दोन-तीन फेऱ्या मारल्या.

"हे गाठोडं... मीच कचरा म्हणून दिलं," शेवटी ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "हाताने चाचपून पाहिलं होतं मी. गोणपाट आहे म्हटलं आणि सोडून दिलं. आणि तुम्हाला कुठे सापडलं?"

"आरशावर," भोंगा राजाच्या आवाजात म्हणाला. "आता मला कुणीतरी ह्यातून बाहेर काढा. मला वाकता येत नाहीये आणि नाकाला खाज सुटलीये!"

मग मात्र सजावटवाल्यांनी बाह्या सरसावल्या. एकदा चूक उमगल्यावर माणूस किती झपाट्याने काम करतो ते मुलांनी त्या दिवशी पाहिलं. लाकडी पुतळा रंगमंचावर आला, राजा त्याच्यावर चढला, डाव्या विंगेतला दिवा पक्का झाला. आणि पाहुण्यांनी सगळ्यात आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं, मग हवं तर जवळ यायचं, असं ठरलं.

संध्याकाळी महाराज आले. काठी टेकत, एकेक पाऊल मोजत. दालनातल्या काचेच्या पेटीसमोर ते क्षणभर थांबले.

"हे कोण?" त्यांनी विचारलं. "एका जादूगाराच्या मदतनिसाचा झगा होता असा. बरा आहे, पण फार पातळ. सर्दी होईल बिचाऱ्याला."

बटणने भोंग्याला कोपर मारलं. साहेबांनी घाईघाईने पेटीवर पडदा ओढला.

प्रेक्षागृहात आल्यावर मात्र महाराज बसले नाहीत. ते थेट रंगमंचावर गेले. त्यांनी झग्याची बाही हातात घेतली, तिच्यातल्या एका ठिगळावरून अंगठा फिरवला, आणि त्यांची वाकलेली पाठ हळूहळू सरळ झाली. काठी त्यांनी बाजूला ठेवून दिली. झगा पुतळ्यावरच होता, पण राजा आता शेजारी उभा होता.

"हा मला चढवायला एक बाई होती," ते म्हणाले. "मी रंगमंचावर पाऊल टाकायच्या आधी दर वेळी झग्याला हळूच हात लावायची. त्या हाताच्या भरवशावर मी राजा झालो. आज ती कुठे आहे?"

"पलंगावर," सुईच्या तोंडून निघून गेलं. "पाय मोडलाय तिचा."

"आणि ही तिचीच भाचरं," व्यवस्थापकसाहेब पुढे झाले. त्यांनी सगळं सांगितलं, पंख्यापासून ट्रकपर्यंत, आणि स्वतःची फजितीही लपवली नाही. "मी ह्यांना खेळायला जा म्हणालो होतो. बरं झालं ह्यांनी माझं ऐकलं नाही! आजपासून कपडेपटाची दुसरी किल्ली सुईकडे. सुट्टी संपेपर्यंत राजाची जबाबदारी ह्या तिघांवर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी भोंग्याच्या पाठीवर थाप मारली. "तू ह्यात उभा होतास म्हणे? कसं वाटलं?"

"जड!" भोंगा म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "पण काढल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं."

"मला अजून वाटतं," महाराज म्हणाले.

सजावटवाले बटणसमोर उकिडवे बसून वेचलेल्या बिया एकेक करून परत घेत होते, चिकटवायला. तिने एक मुठीत लपवली होती. त्यांनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

ह्या सगळ्या गलबल्यात सुई मात्र शेवटच्या रांगेत एकटी बसली होती. घरी जाऊन मावशीला काय सांगायचं, ते ती मनात जुळवून बघत होती. सोन्याची वेल. नाही. पेटलेले दिवे. नाही, तसंही नाही. मावळतीचा उजेड... शब्द जवळ आणले की त्यांचं गोणपाट होत होतं. आणि तिला आठवली अंधाऱ्या विंगेतली मावशी, ओठांत टाचण्या धरलेली, राजाच्या पाठीकडे बघणारी. पुढच्या खेपेला जाईन म्हणत राहिलेली.

सुई उठली. विंगेमागच्या सामानात राणीचं सिंहासन होतं, उंच पाठीचं, लाल गादीचं, पाय लांब करून बसता येईल असं पुढे पाट असलेलं. आणि त्याला खाली चाकं होती, कारण प्रत्येक नाटकात ते ढकलतच आणावं लागे. तिने व्यवस्थापकसाहेबांकडे पाहिलं. ते महाराजांशी बोलत होते. पण त्यांचं लक्ष गेलं, सिंहासनाकडे गेलं, आणि त्यांनी हळूच मान हलवली. वर दिव्यांच्या खोलीतून दादाने अंगठा दाखवला. पिवळसर दिवा कुणी मालवणार नव्हतं.

"ताई, कुठे?" बटणने विचारलं.

सुईने ओठांवर बोट ठेवलं. भोंगा काही विचारायला तोंड उघडणार होता. त्याने ते मिटलं, आणि एका बाजूने सिंहासनाला हात लावला.

मागचं दार उघडलं. बाहेर गल्लीत उजेड अजून रेंगाळत होता, आणि पलीकडच्या खिडकीत, उशीवर पाय ठेवून कुणीतरी वाट बघत होतं. कुरकुरणाऱ्या चाकाच्या आसाला सुईने रुमाल गुंडाळला, आणि रिकामं सिंहासन हळूहळू त्या खिडकीच्या दिशेने निघालं.